गुरे कोण राखणार?

व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (१९५५) वर्गात शिकवायला घेतली की पहिल्याच तासाला मी विद्यार्थ्यांना एक साधा प्रश्न विचारतो. राजाराम मास्तर वाडीत येतो तेव्हा शाळा आहे, नेमणुकीचा कागद आहे, मास्तरही आहे. मुले तेवढी नाहीत. ती कुठे आहेत? शहरात वाढलेले विद्यार्थी पुस्तक चाळू लागतात. माण-खटावकडचा किंवा आष्टी-पाटोद्याकडचा एखादा मुलगा मात्र पुस्तक न उघडताच सांगतो, "रानात असतील सर, मेंढरांमागं."

'बनगरवाडी'वर आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. तिची प्रादेशिकता, कारभाऱ्याचे व्यक्तिचित्र, दुष्काळाचे संयमित वर्णन, निवेदकाचा तटस्थपणा हे सारे आपण शिकवतो आणि परीक्षेलाही विचारतो. पण औंध संस्थानातल्या एका वाडीत शाळा असूनही मुले नसणे, हा जो पेच घेऊन ही कादंबरी सुरू होतो, त्याला स्वतःचा असा एक इतिहास आहे, याकडे आपले फारसे लक्ष जात नाही. महाराष्ट्रातील शिक्षणप्रसाराची कथा आपण बहुधा दरवाजांची कथा म्हणून सांगतो : अमुक वर्षी अमुक जणांनी दरवाजा उघडला, अमुक जणांनी तो अडवून धरला. ती कथा खरी आहे आणि ती सांगितलीच पाहिजे. परंतु दरवाजा उघडल्यावरही जो मुलगा आत आला नाही, त्याच्या दिवसाचे काय होत होते? सकाळी अकरा ते सायंकाळी पाच या वेळात तो कोणाच्या उपयोगी पडत होता? प्रस्तुत लेखात या दुसऱ्या कथेचे काही धागे जुळवून पाहण्याचा प्रयत्न आहे.

या कथेचा आरंभ मी १९ ऑक्टोबर १८८२ या तारखेपासून धरतो. या दिवशी जोतीराव फुले यांनी हंटर शिक्षण आयोगापुढे आपले निवेदन सादर केले. ते इंग्रजीत आहे. त्यामुळे असेल कदाचित, पण मराठीच्या अभ्यासक्रमात 'शेतकऱ्याचा असूड' येतो आणि हे निवेदन बहुधा तळटिपेत राहते. हे योग्य नव्हे. सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि खर्च मात्र वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर होतो, हा त्यातील मुख्य युक्तिवाद सर्वपरिचित आहे. मला महत्त्वाचा वाटतो तो त्यातला एक साधा, जवळजवळ हिशेबी परिच्छेद. शेतकरी आपली मुले शाळेत का पाठवीत नाहीत याची कारणे देताना फुले अत्यंत दारिद्र्याचे नाव घेतात आणि त्याला लागूनच सांगतात की गुरे राखायला आणि शेताकडे पाहायला त्यांना आपली मुले हवी असतात.

त्या काळातील अहवालांतून रयतेच्या 'अनास्थे'ची, 'अज्ञाना'ची तक्रार वारंवार भेटते. शिक्षणाचे महत्त्व त्यांना कळत नाही, हे वाक्य सरकारी अधिकारी लिहितात आणि आपले सुधारकही लिहितात. फुले येथे अनास्थेची भाषा बाजूला ठेवतात. बाप मूर्ख नाही. त्याने हिशेब केला आहे आणि त्याच्या बाजूने तो हिशेब बरोबर आहे, असे त्या वाक्यातून ध्वनित होते. म्हणून त्यांचा उपायही हिशेबाच्याच अंगाने जातो. शाळांची संख्या वाढवा, पण तेवढ्याने भागणार नाही. शिष्यवृत्त्या द्या, सहामाही-वार्षिक बक्षिसे द्या, जेणेकरून मूल पाठवणे परवडेल. आणि याच्याच पुढे ते किमान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे अशी मागणी करतात. उत्तेजन आणि सक्ती या दोन गोष्टी त्यांच्या निवेदनात एकमेकींना चिकटून येतात. ज्याचा राखण्या तुम्ही काढून घेता त्याला काहीतरी द्या, आणि मग सक्ती करा. पुढच्या सव्वाशे वर्षांत या दोहोंची जी ताटातूट झाली, तिचाच इतिहास एका परीने आपल्यापुढे आहे.

सक्तीचा धागा पुढे संस्थानांनी उचलला. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी १८९३ साली अमरेली तालुक्यात प्रयोग सुरू केला आणि १९०६ मध्ये तो सबंध संस्थानाला लागू केला. ब्रिटिश हिंदुस्थानात मात्र गाडे अडले. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १६ मार्च १९११ रोजी केंद्रीय कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले; वर्षभराने ते ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले. आपण या पराभवाविषयी हळहळतो, परंतु विधेयक नीट वाचले तर ते किती सावध, किती अंग चोरून मांडलेले होते हे दिसते. सहा ते दहा या वयाच्या मुलग्यांपुरती सक्ती, तीही स्थानिक संस्थेची इच्छा असेल तर, आणि तीही ज्या भागात ठरावीक टक्के मुले आधीपासूनच शाळेत जात असतील तेथेच! म्हणजे जेथे कोणीच शाळेत जात नाही, त्या बनगरवाडीला हा कायदा शिवलाही नसता. महिना दहा रुपयांहून कमी उत्पन्न असलेल्या पालकाकडून फी घेऊ नये अशी तरतूद त्यात होती. पण फी नसणे आणि राखण्याची सोय असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गोखल्यांना हे कळत नव्हते असे नाही. सरकारच्या गळी उतरेल एवढेच त्यांनी ताटात वाढले, आणि तेवढेही उतरले नाही. सगळी मुले शाळेत गेली तर शेतावर कोण राबणार, ही चिंता जमीनदारवर्गातूनही व्यक्त झाली होती. फुल्यांच्या निवेदनात हे वाक्य गरीब बापाच्या तोंडी होते. तीस वर्षांनंतर तेच वाक्य त्या बापाच्या मालकाच्या तोंडी आलेले आढळते. वाक्य एकच, बोलणारा बदलला की अर्थ किती बदलतो, हे साहित्याच्या विद्यार्थ्यांना वेगळे सांगायला नको.

कोल्हापुरात शाहू छत्रपतींनी १९१७ साली मोफत व सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला आणि पुढच्या वर्षी चिखली गावी त्यानुसार पहिली शाळा सुरू झाली. मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड, ही त्यातील तरतूद आपल्याकडे मोठ्या कौतुकाने सांगितली जाते. कौतुकाची ती आहेच; एका संस्थानिकाने रयतेच्या मुलाच्या अक्षरओळखीला राज्याच्या हुकुमाचे बळ द्यावे, ही साधी घटना नव्हे. तरीही १९१७ सालातल्या शेतमजुराच्या घरात एक रुपया म्हणजे काय, हा विचार मनात आल्यावाचून राहत नाही. दंड बसतो तो बापाला. गुरे राखण्यासाठी त्या मुलाला ज्याने ठेवून घेतले त्याला बसत नाही. सक्तीच्या कायद्याची ही दुखरी जागा शाहूंच्या हेतूविषयी शंका घेऊन सुटत नाही आणि हेतूचे गोडवे गाऊनही सुटत नाही. स्वतः शाहूंना ती जाणवत असावी, असे मानायला जागा आहे. कारण १९०१ पासून त्यांनी कोल्हापुरात जातवार वसतिगृहे उभारण्याचा जो सपाटा लावला, तो याच प्रश्नाला वेगळ्या वाटेने भिडत होता.

वसतिगृह या संस्थेचे अर्थशास्त्र आपण कधी तपासले आहे काय? मूल घरी राहून शाळेत जाते तेव्हा घरातला एक हात जातो आणि खाणारे तोंड मात्र तसेच राहते. वसतिगृहात गेले तर हाताबरोबर तोंडही जाते. गरिबाच्या हिशेबात ही फार मोठी सवलत आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि पुढे साताऱ्यात धनिणीच्या बागेत निरनिराळ्या जातींची मुले एका छपराखाली आणून ठेवली. ती मुले स्वतः रांधत, शेतात राबत आणि शिकत. 'कमवा आणि शिका' या योजनेकडे आपण श्रमप्रतिष्ठेचे तत्त्वज्ञान म्हणून पाहतो. ते तर आहेच. पण मला त्यात फुल्यांच्या त्या हिशेबी परिच्छेदाचे उत्तर दिसते. मुलाचे श्रम नाहीसे होणार नसतील तर निदान ते त्याच्या स्वतःच्या ताटासाठी व्हावेत, दुसऱ्याच्या गोठ्यासाठी नव्हेत. त्या ताटासाठी लक्ष्मीबाईंचे दागिने मोडले गेले, ही हकिकत सर्वांना ठाऊक आहे. ती सांगताना आपला आवाज कापरा होतो. मात्र मुलांच्या जेवणाचा खर्च एका स्त्रीच्या गळ्यातून यावा लागला, याचा अर्थ राज्याने तो उचलला नव्हता असाही होतो, हे तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे.

या सगळ्या उपायांत एक गृहीतक समान आहे : शाळा एका जागी आहे आणि मुलाने तिच्यापर्यंत यायचे आहे. त्याला धक्का दिला तो ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ या दोघींनी. मला स्वतःला या इतिहासातले हे सर्वांत विलक्षण प्रकरण वाटते, म्हणून त्यावर थोडे थांबतो.

ताराबाई (१८९२–१९७३) भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या सहकारी होत्या. गिजुभाईंना गुजरातेत 'मूछाळी मा', म्हणजे मिशीवाली आई, म्हणत. बालशिक्षणाच्या चळवळीचे सारे मार्दव या एका नावात आले आहे. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. माँटेसोरी पद्धती, तिची आखीव साधने, रंगीत ठोकळे, मुलाच्या उंचीची टेबले, हे सर्व शहरी मध्यमवर्गाच्या मुलांसाठी होते आणि ते त्यांच्यापुरतेच राहील ही बोच ताराबाईंना लागून राहिली. १९४५ साली, पन्नाशी उलटून गेल्यावर, त्या ठाणे जिल्ह्याच्या उत्तर टोकाला बोर्डी येथे गेल्या. त्याच वर्षी बोरिवलीच्या कस्तुरबा ट्रस्टच्या शिबिरात त्यांना भेटलेली एक शिक्षिका त्यांच्याबरोबर गेली. ती बालविधवा होती, तिचे वय पस्तीस होते, आणि तिचे नाव अनुताई वाघ.

बोर्डीत बालवाडी निघाली. पण दलित वस्तीतली मुले तेथे येईनात. तेव्हा या बायांनी बालवाडी उचलून वस्तीतच नेली. कोणाच्या तरी अंगणात, झाडाखाली. शिंपले, चिंचोके, पाने, खडे, बिया ही साधने झाली. इटालियन बाईंच्या गुळगुळीत लाकडी ठोकळ्यांचे काम किनाऱ्यावरच्या शिंपल्यांनी केले. 'अंगणवाडी' हा शब्द या खटाटोपातून आला. केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली तेव्हा तिने हाच शब्द घेतला आणि आज तो देशभराच्या सरकारी कागदांत, निरनिराळ्या लिप्यांत, नांदतो आहे. मराठीने भारतीय भाषांना दिलेल्या शब्दांची यादी करताना आपण याला विसरतो. वाङ्मयीन शब्द नाही ना तो!

पुढे संस्थेचा मुक्काम कोसबाडच्या टेकडीवर हलला आणि येथे वारली मुलांच्या संदर्भात जुना प्रश्न पुन्हा समोर उभा राहिला. मोठी मुले गुरांमागे जात. मोठ्या मुली धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन घरी राहत. कोसबादकरांनी यावर काढलेली तोड इतकी साधी आहे की ती आधी कोणाला का सुचली नाही याचे आश्चर्य वाटावे. मुलगी भावंडामुळे येत नाही? मग भावंडासकट या. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली, तिचे नाव विकासवाडी. मुलगा गुरांमुळे येत नाही? मग शिक्षकाने गुरांमागे जावे. ही कुरणशाळा. गुरे चरताहेत, मुले झाडाखाली बसली आहेत, एखादे जनावर बांध ओलांडू लागले की एक मुलगा उठून जातो, ते वळवून आणतो आणि पुन्हा पाठ पुढे सुरू होतो. अनुताईंचे 'कोसबाडच्या टेकडीवरून' हे आत्मकथन आपण स्त्रियांच्या आत्मचरित्रांच्या यादीत घेतो. ते शिक्षणशास्त्रीय कागदपत्र म्हणूनही वाचायला हवे.

परंतु येथेच एक अडचणीचा प्रश्न विचारला पाहिजे. ही गुरे कोणाची होती?

१९४५ हेच वर्ष, आणि तोच टापू. डहाणू, तलासरी, उंबरगाव या भागात गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारल्यांचा वेठबिगारीविरुद्धचा लढा याच सुमारास पेटला होता. लग्नासाठी सावकाराकडून काढलेल्या कर्जापायी नवरा-बायको मालकाच्या घरी वर्षानुवर्षे राबत, त्यांना 'लग्नगडी' म्हणत. गोदावरीबाईंचे 'जेव्हा माणूस जागा होतो' (१९७०) हे पुस्तक त्या लढ्याचे चित्रण करते. त्याला साहित्य अकादमीचे पारितोषिकही मिळाले. लग्नगड्याचे मूल ज्या गुरांमागे जाई, ती गुरे त्याच्या बापाची असण्याचे कारण नव्हते. अशा वेळी कुरणशाळेने मुलाला अक्षर दिले, पण मालकाचा राखण्या मालकाकडेच ठेवला, असा आक्षेप कोणी घेतला तर तो अगदीच निराधार म्हणता येणार नाही. उलट बाजूने, वेठ संपल्यावरही वारल्याच्या झोपडीतले दारिद्र्य एका रात्रीत संपणार नव्हते आणि सहा वर्षांच्या मुलाला क्रांतीची वाट पाहत थांबता येत नाही. त्याचे सहावे वर्ष एकदाच येते. ताराबाई-अनुताई आणि गोदावरीबाई यांची पुस्तके आपल्या ग्रंथालयांत वेगवेगळ्या कपाटांत असतात. ती शेजारी ठेवून वाचली तर मराठीतल्या दोन गंभीर विचारधारांमधला एक न झालेला संवाद ऐकू येतो. माझा स्वतःचा कल कोणीकडे आहे हे विचाराल तर तो वयानुसार बदलत गेला आहे. विद्यार्थिदशेत मला कुरणशाळा ही मलमपट्टी वाटे. आज, हजेरीपटावर इतकी वर्षे सह्या केल्यानंतर, मलमपट्टी करणाऱ्याविषयी तसे बोलण्याचे धाडस होत नाही.

दलित आणि भटक्या-विमुक्तांच्या आत्मकथनांनी या प्रश्नाला आणखी एक बाजू जोडली. लक्ष्मण माने यांचे 'उपरा' (१९८०) वाचताना लक्षात येते की येथे गुरांच्या जागी बिऱ्हाड आहे. गाढवांच्या पाठीवर घरच चालू लागले की शाळा मागे राहते. लक्ष्मण गायकवाड यांच्या 'उचल्या'त (१९८७) तर वस्तीतल्या मुलांना जुलाब-उलट्या होतात आणि त्याचा दोष शाळेत जाणाऱ्या एकट्या मुलावर येतो. या प्रसंगाला अंधश्रद्धेचे उदाहरण म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण ज्या समाजाला शाळेने आजवर काहीच दिले नव्हते, त्याने तिच्याकडून अपायाची अपेक्षा केली, यात त्याच्या अनुभवाशी विसंगत असे काय होते?

इतिहास येथे संपला असता तर बरे झाले असते. पण ऑक्टोबर-नोव्हेंबर आला की मराठवाड्यातून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या अजूनही निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. हा शब्दच पाहा : दोन माणसांची मोजणी एका हत्याराने होते आणि मुलाची मोजणी कशानेच होत नाही. मूल पाणी आणते, तान्ह्याला सांभाळते, वाढ्यांच्या मोळ्या बांधू लागते. हंगाम मार्च-एप्रिलपर्यंत चालतो, म्हणजे शाळेचे जवळजवळ अर्धे वर्ष त्यात जाते. १९९० च्या दशकात कारखान्यांच्या परिसरात 'जनार्थ'सारख्या संस्थांनी साखरशाळा चालवल्या, ठाणे जिल्ह्यातील वीटभट्ट्यांवर विधायक संसदेने भोंगाशाळा काढल्या. कुरणशाळेचीच ही पुढची पिढी. नंतर या तात्पुरत्या शाळांऐवजी जवळच्या नियमित शाळेत प्रवेश आणि मूळ गावी हंगामी वसतिगृह, याकडे धोरण झुकले. म्हणजे कोसबाडकडून पुन्हा साताऱ्याकडे.

फुल्यांनी मागितलेले उत्तेजनही अखेर आले. १५ ऑगस्ट १९९५ रोजी. सुरुवातीला बहुतेक राज्यांत ते शिजवलेल्या अन्नाच्या रूपात नव्हते. महिन्याला तीन किलो धान्य मिळे आणि त्यासाठी ८० टक्के हजेरीची अट होती. ज्याला गुरांमुळे ८० टक्के हजर राहता येत नाही, त्याच्यासाठीच तर ते मागितले गेले होते! शिजवलेले जेवण द्या, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ रोजी दिला, तेव्हा कुठे खिचडीचा वास शाळांच्या आवारात दरवळू लागला. बांगलादेशाने १९९३ मध्ये शाळेत येणाऱ्या मुलाच्या घरी धान्य द्यायला आणि मेक्सिकोने १९९७ मध्ये रोख रक्कम द्यायला आरंभ केला, तेव्हा जगभरच्या अर्थशास्त्रज्ञांनी त्यावर निबंध लिहिले. पुण्याच्या एका माळ्याने हेच १८८२ साली एका आयोगाला लिहून दिले होते.

आणि सक्तीचे काय झाले? शिक्षणहक्क कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्यातील आठवे कलम भाषेच्या अभ्यासकाने आवर्जून वाचावे असे आहे. 'सक्तीचे शिक्षण' म्हणजे काय, याची तेथे व्याख्या केली आहे, आणि त्या व्याख्येनुसार सक्ती आहे ती शासनावर : प्रत्येक मुलाचा प्रवेश, हजेरी आणि शिक्षणाची पूर्तता यांची खातरजमा करण्याची. बापाला रुपयाचा दंड नाही. १९१७ ते २००९ या काळात एका शब्दाने आपला कर्ता बदलला. कागदावर तरी बदलला. कारण हजेरी न भरल्याबद्दल शासनाला दरमहा रुपया कोण ठोठावणार, हे कायद्यात लिहिलेले नाही.

दोन वर्षांपूर्वी 'बनगरवाडी'वरची चर्चा संपत आली होती. दुष्काळाने वाडी उठते, मेंढरे मरतात, माणसे जगायला बाहेर पडतात आणि मास्तरही निघतो. या शेवटाच्या करुण-गंभीर परिणामाविषयी मी बोलत होतो. मागच्या बाकावरची एक मुलगी सहसा बोलत नसे. नोव्हेंबरपासून पुढे तिची हजेरी विरळ होत जाई आणि मी त्याबद्दल तिला एक-दोनदा रागावलोही होतो. कारण मी कधी विचारले नव्हते. ती उभी राहिली आणि म्हणाली, "सर, मास्तर गेला ते लेखकानं सांगितलं. शाळेतली पोरं कुठं गेली?"

मी पुस्तकाचे शेवटचे प्रकरण पुन्हा उघडले.